इमानाचा पाय

आमच्याकडे विमानाला इमान म्हणतात. मी तिसरीत असताना गुरुजींनी फळ्यावर 'इमान' असं लिहून अर्थ विचारला, तर मी हात वर केला आणि आभाळाकडे बोट दाखवलं. गुरुजी म्हणाले, बस खाली, इमान म्हणजे सचोटी, दिलेल्या शब्दाला जागणं. वर्ग खो खो हसला. घरी येऊन मायला सांगितलं तर ती म्हणाली, दोन्ही बी आपल्याला परवडत न्हाईत. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं.

पाथरी तालुक्यात गोदाकाठच्या आमच्या चार-पाच गावांत आणखी एक शब्द चालायचा, तो कुठल्या कोशात सापडणार नाही. कुणी थाप मारली की ऐकणारा म्हणायचा, "काढला का इमानाचा पाय?" म्हशीनं एका वेळेला दोन चरव्या दूध दिलं म्हणालात, की निघाला इमानाचा पाय. पोराला तलाठ्याची नोकरी लागल्यातच जमा आहे म्हणालात, की हाच पाय. हा शब्द माझ्या मायवरून पडला होता. लोक तो तिच्यासमोर बिनदिक्कत वापरत, आणि ती मान खाली घालून हातातलं काम करत राही.

झालं होतं ते असं. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसला, माय दहा-अकरा वर्षांची होती आणि बापाची मेंढरं राखायची. भादव्यातली दुपार. नदीकडच्या पडीकात मेंढरं चरत होती, तेवढ्यात एक इमान इतकं खालून गेलं की सगळा कळप चौफेर उधळला. संध्याकाळी सात मेंढरं कमी. बापानं विचारलं, तू काय करत होतीस? ती म्हणाली, मी इमानाकडं बघत होते. त्याचा एक पाय पोटाखाली लोंबत होता, एकच, उजवा. आणि ते लंगडत चाललं होतं.

बापानं तिला वेताच्या काठीनं मारलं. मेंढरं गेली म्हणून मारलं असतं तर ती विसरली असती, असं ती सांगायची. मारलं ते खोटं बोलली म्हणून. त्या आठवड्यात इमानं सगळ्यांनीच पाहिली होती, पाय कुणालाच दिसला नव्हता. बरं, पाय एक वेळ सोडा. पण लंगडत? लंगडायला खाली भुई लागते, आभाळात ते लंगडणार कशावर? त्या एका शब्दानं तिचा घात केला. पुढं चार कोसांवर लग्न होऊन गेली, तर तिच्या आधी इमानाचा पाय सासरी पोचलेला होता.

आता माझी गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मला अजून कानकोंडं होतं. मी नववीला परभणीच्या वसतिगृहात होतो, दिवाळीला गावी आलेलो. पारावर कुणीतरी मायला टोमणा मारला. आजवर कधी उलटून न बोललेली माय त्या दिवशी फिरली आणि म्हणाली, "माजं लेकरू साळंत शिकायलंय. त्याला इचारा." सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या अंगात नवी विद्या सळसळत होती. मी म्हणालो, विमान उडालं की दोन्ही चाकं आत जातात, एकच बाहेर राहत नाही, माय तेव्हा लहान होती, तिला भास झाला असेल. लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, मी तिची बाजूच घेतली की. खोटारडी म्हणालो नाही, भास म्हणालो. माय खांद्यावर घोंगडी टाकून मेंढरांकडे निघून गेली आणि त्यानंतर ती गोष्ट तिच्या तोंडून मी कधी ऐकली नाही.

पुढं मी गणित शिकलो आणि परभणीतच एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागलो. लग्न झालं, तीन वर्षांत मोडलं. बायको जालन्याला माहेरी गेली आणि तिथंच राहिली. चूक कुणाची हे मी इथं सांगणार नाही, अर्धी तरी माझी होतीच. माझा स्वभाव असा की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ते तपासायला घेतो. वडील गेले होते. माय गावी चुलतभावाच्या वस्तीवर मेंढरांजवळ राहायची, शहरात ये म्हटलं की म्हणायची, तुज्या खोलीत मी कुणाशी बोलू, भिताडाशी? खरंच होतं ते. मीही भिताडाशीच बोलत होतो.

अशात कॉलेजनं एक कॉम्प्युटर घेतला. त्याच्यासाठी खोली रंगवली, पडदे लावले, दाराशी पाटी लावली: चपला बाहेर काढाव्यात. धुळीची भीती होती हे खरं, पण लोक आत आले की आपसूक हात जोडत. मुलांना आठवड्यातून एकदा दुरून दर्शन. प्राचार्यांनी किल्ली माझ्याकडे दिली, कारण मला घरी लवकर जायची घाई नसते हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. तास संपले की मी चपला काढून आत जायचो आणि लाइट जाईपर्यंत बसायचो. त्या काळात परभणीत लाइट कधी जाईल याचा नेम नसे.

विमान उडवायचा खेळ मला पुण्याहून आला. एका मासिकात पत्ता बघून मी एका गृहस्थांना पत्र टाकलं होतं. ते हवाई दलातून निवृत्त झालेले फिटर, वयानं माझ्या वडिलांच्या वरचे. पुठ्ठ्यात बांधून फ्लॉप्या पाठवायचे, वर लाल शाईत 'वाकवू नये'. आमची भेट कधीच झाली नाही. पण चार वर्षं मला नियमानं पत्र लिहिणारा माणूस जगात तेवढा एकच होता.

त्या खेळासोबत एक कारखाना यायचा, म्हणजे मी त्याला कारखाना म्हणायचो. त्यात आपलं विमान आपण घडवायचं आणि खेळात उडवायचं. कुठं कुठं लोक असे बसून जुनी लढाऊ विमानं घडवतात आणि एकमेकांना पाठवतात, हे मला फिटरकाकांनी कळवलं. त्यांनी लिहिलं, आपल्या दलात सुरुवातीला एका इंजिनाचं एक लढाऊ विमान होतं, ते कुणीच केलेलं नाही, मी तरुणपणी त्याच्या तेलात बुडालेलो असायचो, तुम्ही कराल का? सोबत एक झेरॉक्स केलेला फोटो होता. मी लगेच हो कळवलं. मायचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

काम किचकट. विमानाचा एकेक ठिपका तीन आकड्यांनी सांगायचा: पुढं किती, बाजूला किती, वर किती. मग ठिपके जोडून पत्रा चढवल्यासारखी एकेक बाजू भरायची. आलेखाच्या कागदावर फोटो उतरवून मी पट्टीनं मापं घेतली. नाक जमलं, शेपटी जमली, पंख चारदा मोडून केले. बाजू जास्त झाल्या की यंत्र रखडायचं, म्हणून काटकसर करावी लागे. मी काटकसर केली पोटात. खालून कोण बघणार आहे? उडवणारा आत बसलेला असतो. पोट सपाट ठेवलं आणि वर पाटीसारखा काळा रंग फासला. आमच्या अख्ख्या जिल्ह्यानं आजवर विमानाचं फक्त पोट पाहिलंय, आणि पोट सोडून देणारा मीही त्याच जिल्ह्यातला, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

चाकांवर येऊन अडलो. फोटोत विमान जमिनीवर उभं होतं. चाकं आत कशी जातात, पंखाकडे की पोटाकडे, ते कळेना. पुण्याला पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी अंतर्देशीय आलं. त्यात चाकांचं छोटं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं: "दोन्ही पाय एकदम कधीच जायचे नाहीत, एक आधी, एक मागून. आणि कधी कधी एक पाय आत जाऊन दुसरा बाहेरच अडकून राही. आम्हाला ते नेहमीचं होतं. पायलट बिचारा तसाच परत यायचा."

ते पत्र मी कॉलेजच्या व्हरांड्यात उभ्यानं वाचलं. शिपाई काहीतरी विचारत होता, त्याला काय उत्तर दिलं आठवत नाही. आत जाऊन बसलो. एक पाय आत, एक बाहेर. म्हणजे मायनं जे पाहिलं ते पाहिलंच होतं. दहा वर्षांच्या पोरीनं खरं सांगितलं आणि तिच्या पाठीवर वळ उठले, आणि वीस-बावीस वर्षांनी तिच्याच पोरानं पारावर, चार लोकांत, तिला भास झाला म्हणून सांगितलं. मला इतकी लाज वाटली की त्या रिकाम्या खोलीतसुद्धा मी तोंड झाकून घेतलं.

शहाणा माणूस असता तर त्याच दिवशी एस.टी. धरून पाथरीला गेला असता आणि मायच्या पायावर डोकं ठेवून मोकळा झाला असता. मी पडलो मास्तर. नुसतं सांगून काय उपयोग, सिद्ध करून दाखवायचं! तिला इथं आणायची, पडद्यावर तिचंच इमान दाखवायचं, तसंच, त्याच पायासकट. त्यासाठी पोट पुन्हा घडवायला हवं होतं. मी सगळं पोट मोडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

मधे दोनदा गावी जाऊन आलो, दुसऱ्यांदा दिवाळीत. पोटाचा रंग कसा होता, एवढं मी आडून आडून विचारलं. माय चुलीपुढं बसली होती. ती म्हणाली, राखंसारका. का म्हणून तिनं विचारलं नाही. त्याच वेळी चहा ओतताना तिनं अर्धा कपाबाहेर सांडला, आणि चुलतभाऊ म्हणाला, काकू हल्ली उंबऱ्याला लय ठेचाळायल्यात. वय झालं, मी म्हणालो. माझ्या डोक्यात राखेचा रंग घोळत होता. खेळाच्या रंगपेटीत राखेला कुठला नंबर बरा दिसेल, याचा हिशोब मी एस.टी.त बसून परभणीपर्यंत केला.

खरी अडचण पायाची. कारखान्यात चाकं म्हणजे एकच गोष्ट: खाली तर दोन्ही खाली, वर तर दोन्ही वर. एक पाय बाहेर ही कल्पनाच त्या यंत्राला मंजूर नव्हती, आमच्या गावासारखीच. शेवटी मी तो उजवा पाय चाक म्हणून न जोडता पोटाचाच एक भाग म्हणून जोडला, कायमचा लोंबता. दिसायला जमलं. पण उडायला ते विमान पूर्वीसारखंच सरळ उडत होतं, जसं काही खाली पाय नाहीच. फिटरकाकांनी लिहिलं, असं होणार नाही, लोंबत्या पायाला वारा धरतो, त्या बाजूचा अडथळा वाढवा. मग विमानाच्या फाइलीतले आकडे उघडून एकेक बदलायचा आणि उडवून बघायचं, असं सुरू झालं.

विद्यापीठाच्या नामांतराचा जानेवारी आला. शहरात तणाव, कॉलेजला सुटी, एस.टी. बंद. माझं घर कॉलेजच्या मागच्याच गल्लीत, किल्ली खिशात. रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी दिवसाढवळ्या पडदे ओढून त्या खोलीत आकडे बदलत बसलेलो. बाहेर एवढं मोठं काही चाललेलं असताना हा माणूस विमानाचा पाय हलवतो आहे, हे कुणी पाहिलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. बोलायला कुणी नव्हतं. मी इमानाशी बोलायचो. चल बाबा, म्हणायचो, आता तरी खरं चाल.

आणि तिसऱ्या दिवशी ते चाललं. उजव्या बाजूचा अडथळा पुरेसा झाला तसं विमानाचं नाक उजवीकडे ओढायला लागलं. मी डावं दाबून सरळ करायचो, सोडलं की पुन्हा उजवीकडे. बाहेरून, जमिनीवरून बघायचं एक बटण होतं, ते दाबलं. विमान माझ्या डोक्यावरून गेलं, खाली खाली, अंग तिरकं टाकून, एका बाजूला ओढ घेत आणि पुन्हा सावरत, ओढ घेत आणि सावरत. ते लंगडत होतं. दुसरा शब्दच नाही त्याला. ज्या शब्दावर चार गावं पंचेचाळीस वर्षं हसली तो तिनं डोळ्यांनी पाहून सांगितला होता. मी एकटाच त्या खोलीत रडलो, आणि मग लाइट गेली.

एस.टी. सुरू झाल्यावरही मी महिना घालवला. राखेचा रंग, पंखाखालची खूण, पायाचा कोन. अजून थोडं बरोबर करू म्हणत राहिलो. मार्चमधे मायला आणायला गेलो. निघताना तिनं माझं मनगट धरलं आणि एस.टी.च्या पायरीवर पाय ठेवताना आधी तो हवेत फिरवून बघितला. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती माझ्या कानाच्या बाजूला बघत होती.

परभणीत उतरल्यावर कॉलेजच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू. डॉक्टर माझ्यावर चिडले, इतके दिवस काय झोपला होता का? गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. उजेड-अंधार तेवढा कळतो आहे, तोही किती दिवस सांगता येत नाही. दिवाळीला आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. बाहेर आल्यावर मी मायला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? मेंढरं तिला आवाजावरून कळत होती, काम अडत नव्हतं, असं ती म्हणाली. शिवाय तू कशात तरी गढलेला दिसलास.

तरीही मी तिला त्या खोलीत नेलं. दुसरं काय करणार होतो? दाराशी चपला काढायला सांगितल्या तर म्हणाली, देवळात आणलंस का रे? खुर्चीवर बसवलं, यंत्र लावलं. पडदा उजळला तसं तिनं तोंड तिकडे वळवलं. हात पुढं करून काच चाचपली. गरम हाय, म्हणाली.

मी इमान उडवलं आणि खालून बघायचं बटण दाबलं. मग सांगत गेलो. माय, हे तुझं इमान, पोलीस ॲक्शनचं, पोट राखेच्या रंगाचं आहे, आता डोक्यावर येतंय. ती ऐकत होती.

"पाय हाय का?" तिनं विचारलं.

"आहे, माय. उजवा. आणि ते लंगडायलंय. तू खरं बोलत होतीस. मीच चुकलो."

"मला ठावं हाय की," ती म्हणाली. "म्या बघितलं व्हतं न्हवं."

इतकंच. माझी सगळी खटपट त्या एका वाक्यात निकालात निघाली. तिला पुरावा नकोच होता, पुरावा मला हवा होता. पडद्यावर इमान तसंच तिरकं चाललं होतं. माय म्हणाली, "आता उतरव त्याला."

मला कळेना. ती म्हणाली, "त्या दिशी ते नदीपल्याड गेलं. पुढं उतरलं का न्हाई, कुणी सांगितलंच न्हाई. आत माणूस व्हता. एका पायावर कसा उतरला आसंल?"

आम्ही सगळे पाय होता की नव्हता यावर भांडत राहिलो, आणि ती पंचेचाळीस वर्षं त्या माणसाच्या घोरात होती. तिला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

ते विमान मी शंभर वेळा उडवलं होतं, उतरवलं एकदाही नव्हतं. समोर धावपट्टी दिसत होती. वेग कमी केला, डावं दाबून धरलं, खाली आणलं. उजवा पाय टेकला. क्षणभर सरळ राहिलं. मग डावा पंख खाली गेला, भुईला घासला, आणि सगळं गरकन फिरलं. यंत्राच्या भोंग्यातून करकरीत आवाज आला. पडद्यावर मोठ्या अक्षरांत 'क्रॅश' असं उमटलं.

"काय वाजलं?" माय म्हणाली.

"चाक टेकलं."

"एवढ्या जोरात?"

"जुनं इमान आहे, माय."

"उतरलं मंग?"

"उतरलं."

"माणूस?"

"बाहेर आला. चालत गेला."

तिनं टेबलाची कड धरून ठेवली होती, ती सोडली. "तू सांगायलास म्हंजे उतरलंच," ती म्हणाली. तिच्या खऱ्यावर मी कधी विश्वास ठेवला नव्हता, हे तेव्हा तिच्या मनात आलं असेल का, कोण जाणे. तिनं उठायला हात पुढं केला आणि चपला कुठं काढल्यात विचारलं. मी पडद्याचं बटण बंद केलं, दाराबाहेर जाऊन खाली बसलो आणि तिच्या पायात चपला घातल्या.